हरल्यावर काय करायचं? मुंबईतल्या फुटबॉलवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

रविवारी सकाळी मी पोरांना गोलकीपिंग शिकवतो आणि मुंबई सिटी या आपल्या शहराच्या क्लबची मॅच असली की संध्याकाळी अंधेरीला स्टँडमध्ये असतो. दोन्हीकडे हरल्यावर लोक गाठतात आणि तेच तेच विचारतात. जिंकल्यावर कुणाला काही विचारायचं नसतं, सगळे चहाला पळतात. दर वेळी तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून इथे लिहून ठेवतोय. आपला प्रश्न शोधा, बाकीचे सोडून द्या.

पोरगा हरून आला. त्याच्याशी काय बोलू?

पहिला तासभर मॅचबद्दल काहीच नाही. "बूट वाळत घाल, आंघोळ कर, जेवायला ये" एवढं पुरे. तो स्वतः विषय काढेल. नाही काढला तर तोही त्याचा हक्क आहे.

आमच्याकडे एक बाबा येतात. माणूस चांगला आहे, दर रविवारी वसईहून पहिल्या गाडीनं पोराला घेऊन येतात. पण शिट्टी वाजली की हे टचलाइनवर तयार. पोरगा अजून शिन गार्डची पट्टी सोडवतोय आणि यांचं सुरू: "तो डावीकडचा मोकळा होता, तुला दिसला नाही?" पोरगा मान खाली घालून पट्टी सोडवत राहतो. सुटलेली पट्टी पुन्हा बांधतो, पुन्हा सोडवतो, कारण मान वर केली तर उत्तर द्यावं लागेल. मी त्यांना एकदा म्हटलं, साहेब, त्याला दिसला होता, म्हणूनच तो असा बसलाय. त्यानंतर ते निदान अंधेरी स्टेशनपर्यंत गप्प राहतात. पुढे गाडीत काय होतं ते मला माहीत नाही.

कोचनं मॅच संपल्या संपल्या टीमला झापावं का?

नाही. मँचेस्टर युनायटेडचे सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन खेळाडूच्या तोंडासमोर उभं राहून असे ओरडायचे की त्या प्रकाराला 'हेअरड्रायर' असं नावच पडलं. हा किस्सा प्रत्येक नव्या कोचला पाठ असतो. पण त्यांच्यासमोर गलेलठ्ठ पगाराचे मोठे खेळाडू बसलेले असायचे, तुमच्यासमोर बारा वर्षांची पोरं आहेत आणि त्यातल्या दोघांचा डबा अजून उघडलेला नाही. जे सांगायचं ते मंगळवारच्या प्रॅक्टिसला, चेंडू पायात असताना सांगा.

फॉरवर्डनं चार सोपे गोल घालवले तरी चालतात, गोलकीपरची एक चूक मात्र जन्मभर लक्षात राहते. असं का?

फॉरवर्डची चूक गोलफळ्यावर दिसत नाही, आमची दिसते. या प्रश्नावर मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगतो.

मी एका ऑफिसच्या टीमचा गोलकीपर होतो, खालच्या डिव्हिजनमध्ये. परळचं सेंट झेवियर्स मैदान, पावसाळा, गुडघाभर चिखल, 0-0, शेवटची दोन मिनिटं. आमच्या सेंटर बॅकनं मला बॅकपास दिला. 1992 पासून आपल्याच माणसानं पायानं दिलेला पास गोलकीपरला हातात घेता येत नाही, म्हणून मी लाथ मारायला पुढे सरसावलो. चेंडू मधल्या डबक्यात रुतून बसला. जिथे तो यायला हवा होता तिथे मी जीव खाऊन लाथ मारली आणि पाठीवर पडलो. समोरचा फॉरवर्ड धावलासुद्धा नाही. त्यानं चालत येऊन चेंडू डबक्यातून काढला आणि जाळ्यात सोडला.

परळ स्टेशनपर्यंत माझ्याशी कुणी अक्षर बोललं नाही. सोमवारी कँटीनमध्ये डिस्पॅचमधले एक गृहस्थ, ज्यांनी जन्मात एक मॅच पाहिली नव्हती, मोठ्यानं म्हणाले, "या डबकेसाहेब!" ते नाव मला वर्षभर पुरलं. नाव ठेवणाऱ्यांचा राग लवकर गेला. खरं बरं वाटलं ते बुधवारी, जेव्हा तो सेंटर बॅक टेबलाशी येऊन म्हणाला, "पास माझाच कमी पडला. पुढच्या वेळी पाऊस असला तर बाहेरच मारतो." आणि त्यानं पुढे तसंच केलं. टीका म्हणजे काय, हे मला विचाराल तर ते वाक्य. त्यात चूक कुठे झाली ते होतं आणि पुढे काय करायचं तेही होतं. 'डबकेसाहेब'मध्ये दोन्ही नव्हतं.

मोठ्या मैदानावर तर हे जिवावर बेततं. 16 जुलै 1950 ला रिओच्या माराकानावर वर्ल्ड कपच्या निर्णायक मॅचमध्ये ब्राझील उरुग्वेकडून 2-1 नं हरलं. दुसरा गोल गोलकीपर मोआसिर बार्बोसाच्या जवळच्या पोस्टकडून गेला. त्या एका गोलाचा ठपका त्याच्यावर मरेपर्यंत राहिला. 1993 मध्ये तो राष्ट्रीय टीमच्या सराव शिबिरात भेटायला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला आत घेतलं नाही. तो 2000 साली गेला. ब्राझीलमध्ये सगळ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची, मी पन्नास वर्षं भोगतोय, अशा अर्थाचं तो बोलायचा.

दुसरा लिव्हरपूलचा लोरिस कारियस. 26 मे 2018, कीव्ह, चॅम्पियन्स लीगची फायनल. दोन ढोबळ चुका झाल्या आणि रियाल माद्रिद 3-1 नं जिंकलं. रडत रडत प्रेक्षकांसमोर हात जोडून माफी मागणारा कारियस सगळ्या जगानं पाहिला. काही दिवसांनी बोस्टनच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मॅचमध्ये त्याच्या डोक्याला मार बसला होता आणि त्याचा परिणाम त्याच्या खेळावर झाला असण्याची शक्यता आहे. तोवर शिव्या देऊन झाल्या होत्या. हे कळल्यावर त्या परत कुणी घेतल्या नाहीत, उलट 'बहाणा' म्हणून आणखी दोन दिल्या.

रेफरीमुळे हरलो, हे म्हणायचं की नाही?

कधीकधी खरंच रेफरीमुळे हरतो. 11 जून 2024 ला दोह्यात कतारविरुद्ध चेंडू रेषेच्या बाहेर गेल्यावर आत ओढून केलेला गोल दिला गेला आणि भारत 1-2 नं हरून वर्ल्ड कप पात्रतेच्या शर्यतीतून बाहेर पडला. तिथे ओरडणं रास्त होतं. पण दर रविवारी, दर मॅचला रेफरीच विकला गेलेला असतो, हे मात्र नाचता येईना अंगण वाकडे. नियम साधा आहे: वाद घातला तर पिवळं कार्ड, शिवी दिली तर लाल. 2024 च्या युरो स्पर्धेत फक्त कॅप्टननंच रेफरीशी बोलायचं असं ठरवलं होतं. आम्ही ते पोरांच्या मॅचला लागू केलं. गलका निम्मा झाला. आईवडिलांना मात्र कॅप्टन नसतो, त्यांचं काय करायचं ते सुचवा.

प्रो खेळाडूंना टीकेचं काही वाटत नाही का? त्यांना तर पैसे मिळतात.

वाटतं. पण मुंबईत त्यांना शिव्यांपेक्षा रिकाम्या खुर्च्या जास्त लागतात, असं माझं मत आहे.

1 जून 2018, अंधेरीचं मैदान, इंटरकाँटिनेंटल कप. भारतानं चायनीज तैपेईला 5-0 नं हरवलं, सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली आणि बघायला माणसं होती 2,569. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं व्हिडिओ टाकला: आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. युरोपातले क्लब बघणाऱ्यांनाही त्यानं सांगितलं की आमची पातळी तेवढी नाही हे मान्य, पण तुमचा वेळ वाया जाऊ देणार नाही. देशाचा कॅप्टन शिव्या मागत होता! 4 जूनला केनियाविरुद्धच्या मॅचची तिकिटं संपली, धो धो पाऊस पडला, कुणी हललं नाही. छेत्रीची ती शंभरावी आंतरराष्ट्रीय मॅच. त्यानं दोन गोल केले, भारत 3-0.

म्हणून कोलकात्याच्या फुटबॉलवाल्यांनी आमच्यासमोर फॅन्सच्या रागाची गाऱ्हाणी मांडली की मला थोडा हेवाच वाटतो. थोडाच. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या मॅचमध्ये दंगल झाली आणि 16 प्रेक्षक मेले. तो राग आपल्याला नकोच आहे.

आपल्याच टीमला बू करावं का?

नव्वद मिनिटं संपल्यावर करा. मॅच चालू असताना आपल्या एकोणीस वर्षांच्या लेफ्ट बॅकचा पहिला पास चुकला म्हणून बू केलंत, तर तो पुढचे दहा पास मागेच देईल आणि मग तुम्ही त्यासाठीही बू कराल.

टीम हरली तर मालकाला काय फरक पडतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणारा बहुतेक वेळा चिडलेला असतो.

माझा हिशेब असा. खेळाडूला हार लगेच लागते, पण सीझन संपल्यावर तो दुसरीकडे जाऊ शकतो. कोचला तर सीझनभरही थांबावं लागत नाही. मालक विकून मोकळा होऊ शकतो किंवा सरळ टाळं लावू शकतो. फॅनला जायला जागा नाही. त्यामुळे तोच सगळ्यात जास्त ओरडतो, हे समजण्यासारखं आहे.

मुंबईनं टीमना टाळं लागलेलं पाहिलंय. महिंद्र युनायटेडनं 2005-06 ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली होती, म्हणजे देशातली पहिल्या नंबरची टीम. 2010 मध्ये कंपनीनं ती बंद केली. मैदानावरच्या हारीमुळे नाही, कंपनीचा विचार बदलला म्हणून. मुंबई एफसी मात्र 2016-17 च्या आय-लीगमध्ये शेवटची आली, खाली गेली आणि नंतर दिसलीच नाही. दोन्ही वेळा शहरात कुणी रस्त्यावर आलं नाही. कूपरेज मैदानाच्या बाहेर सँडविचवाल्याचा धंदा कमी झाला असेल, तेवढंच. माझे वडील रोव्हर्स कप या मुंबईतल्या जुन्या स्पर्धेला कूपरेजच्या लाकडी स्टँडमध्ये बसलेले. महिंद्रची बातमी वाचून ते "अरेरे" म्हणाले आणि पान उलटलं. पलीकडच्या पानावर आयपीएल होतं.

मुंबई सिटीत रणबीर कपूर 2014 पासून भागीदार आहे. 2019 च्या नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं 65 टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर दोन वेळा लीग शील्ड (लीगच्या तक्त्यात पहिलं येण्याची) आली, दोन वेळा कप (त्यानंतरच्या फायनलचा) आला. आणि 2025 च्या अखेरीस, देशातल्या लीगचं पुढे काय होणार याचाच पत्ता नसताना, ग्रुप आपला हिस्सा सोडून गेला. जिंकूनही मालक जातो, हे त्या दिवशी कळलं. मी त्यांना फार दोष देत नाही. धंदा आहे. पण आमच्या स्टँडमधला ढोल वाजवणारा पोरगा अजून तिथेच आहे.

मालकांना टीका ऐकू तरी जाते का?

आवाज मोठा असला तर जाते. 18 एप्रिल 2021 ला युरोपातल्या बारा क्लबांनी 'सुपर लीग' जाहीर केली. इंग्लंडमधले फॅन्स रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले. लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री कॅमेऱ्यासमोर बसून म्हणाले की सगळी जबाबदारी माझ्या एकट्याची. मालकानं माफी कशी मागावी याचा तो बऱ्यापैकी नमुना आहे: छोटी होती, त्यात 'पण' नव्हतं. मँचेस्टर युनायटेडच्या मालक ग्लेझर कुटुंबावरचा राग 2005 पासूनचा. 2 मे 2021 ला फॅन्स ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धची मॅच पुढे ढकलावी लागली.

हरल्यावर मालकानं ड्रेसिंग रूममध्ये जावं का?

जिंकल्यावर जात असेल तर हरल्यावरही जावं. नाहीतर दोन्ही वेळा बाहेर बसावं.

मी चेंबूरला राहतो. मँचेस्टर युनायटेड हरली की दोन दिवस माझं जेवणावरून मन उडतं. घरचे हसतात. मी वेडा आहे का?

नाही, किंवा असलात तर तुमच्यासारखे या शहरात ढिगानं आहेत. शनिवारी रात्री अंधेरी-वांद्र्याच्या स्पोर्ट्स बारमध्ये जाऊन बघा. मॅच संपेपर्यंत एक वाजतो, लोकल बंद झालेली असते आणि आर्सेनलच्या जर्सीतले चार जण रिक्षा शोधत फुटपाथवर गप्प उभे असतात. दुःख खरं आहे. फक्त सोमवारी कामावर त्याचा राग कनिष्ठांवर काढू नका. आमच्या ऑफिसात एक साहेब होते, चेल्सी हरली की त्या आठवड्यात रजेचा अर्ज कुणी टाकायचं नाही.

एक आगाऊ सल्ला: तुमची टीम सात हजार किलोमीटरवर आहे, तिला तुमचा आवाज पोचत नाही. अंधेरीला पोचतो. डी. एन. नगर मेट्रोवरून चालत या.

मीम्स आणि ट्रोलिंग कुठवर चालतं?

खेळावर असेल तोवर. मित्राच्या टीमनं पाच खाल्ले तर ग्रुपवर पंजाचा फोटो टाकणं हा आपला सनातन हक्क आहे. रंग, जात, धर्म, आईबाप यांवर गेलं की तो फुटबॉल राहत नाही.

11 जुलै 2021 ला युरोच्या फायनलमध्ये इंग्लंडच्या रॅशफोर्ड, सांचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या आणि तिघांवर वर्णद्वेषी शिव्यांचा पूर आला. साका तेव्हा 19 वर्षांचा. मँचेस्टरमध्ये रॅशफोर्डचं भिंतीवरचं चित्र कुणीतरी विद्रूप केलं. मग आसपासच्या लोकांनी, शाळेतल्या पोरांनी त्या भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली, इतक्या की खालचं लिहिलेलं दिसेना.

आपल्याकडे ईशान्येतल्या खेळाडूंना जे म्हटलं जातं, तेही याच खात्यात जमा होतं. मुंबई सिटीला 2021 ची फायनल शेवटच्या मिनिटाला जिंकून देणारा बिपिन सिंग मणिपूरचा आहे आणि टीमचा छांगटे मिझोरमचा. स्टँडमध्ये कुणी तसलं बोलला तर आमच्याकडे त्याला बाजूला घेऊन एकदा सांगतात. दुसऱ्यांदा सांगत नाहीत, स्टुअर्डला बोलावतात.

फँटसी टीममध्ये पैसे गेले, म्हणून खेळाडूला मेसेज पाठवला. चुकलं का?

हो.

मोठी हार झाली की टीम उभी कशी राहते?

हे लिहिताना मला सगळ्यात मजा येते. 17 नोव्हेंबर 2015 ला गोव्यात मुंबई सिटी 7-0 नं हरली. सात! पुढच्याच सीझनमध्ये, दिएगो फोर्लान असताना, टीम लीगच्या तक्त्यात पहिली आली. तेव्हा सेमीफायनलला घात झाला, तो भाग वेगळा.

पण खरी गोष्ट 2024 ची. 15 एप्रिलला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर शेवटची लीग मॅच. मुंबईला शील्डसाठी नुसती बरोबरी पुरेशी होती. मोहन बागाननं 2-1 नं हरवलं आणि भरलेल्या स्टेडियमसमोर शील्ड उचलली. त्या रात्री आमच्या ग्रुपवर कोच पेत्र क्रात्कीला काढा, अर्धी टीम विका, असं सगळं लिहून झालं. मीही दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या अजून डिलीट केलेल्या नाहीत.

नऊ दिवसांनी गोव्यात सेमीफायनलचा पहिला लेग, म्हणजे दोन मॅचमधली पहिली. 90 व्या मिनिटापर्यंत 0-2. माझा शेजारी टीव्ही बंद करून झोपायला गेला. मग छांगटे, लगेच विक्रम प्रताप सिंग आणि इंजुरी टाइमच्या शेवटी पुन्हा छांगटे. 3-2. मी दार वाजवून शेजाऱ्याला उठवलं, वहिनी रागावल्या. 4 मे ला फायनल, तेच सॉल्ट लेक, तेच मोहन बागान. हाफटाइमच्या आधी त्यांच्या कमिंग्सनं गोल केला, मुंबई मागे. शेवटी 3-1 नं कप मुंबईचा.

एकोणीस दिवसांत काय बदललं? कोच तोच, टीम तीच. आम्ही ग्रुपवर जे मागत होतो त्यातलं काहीही मालकांनी केलं नाही, आणि तेच बरं झालं. यावरून फॅन्सचं कधीच ऐकू नये असा अर्थ काढू नका. रात्री अकरा वाजता लिहिलेलं ऐकू नये, एवढाच काढा.

भारताची टीम अजून किती वर्षं सहन करायची?

जानेवारी 2024 चा आशिया कप आठवा: तीन मॅच, तिन्ही हरलो, गोल शून्य. जूनमध्ये कोच इगोर स्टिमाक गेले. इथे टीका कमीच पडते. फक्त ती मैदानावरच्या अकरा जणांवर करून भागत नाही. वर्षभर चालणारी लीग नाही, पोरांना नियमित मॅच नाहीत आणि मुंबईत मैदान मिळवायचं तर आधी लग्नाचा मंडप उतरायची वाट बघावी लागते. याच मुंबईच्या नेव्हिल डिसूझानं 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती आणि भारत चौथा आला होता. वांद्र्याच्या मैदानाला त्याचं नाव आहे. तिथे खेळणाऱ्या दहा पोरांना विचारा तो कोण. मी विचारलं होतं. एकानं सांगितलं, "बिल्डर असेल."

हरल्यावर लगेच स्टेडियम सोडावं की थांबावं?

थांबा. खेळाडू टाळ्या वाजवायला स्टँडकडे येतात तेव्हा समोर कुणी नसलं की ते अर्ध्यातून वळतात, ते बघवत नाही. शिवाय पहिल्या दहा मिनिटांत रिक्षा मिळत नाहीच.

जपानचे लोक तर थांबून स्टँड झाडतात. 2 जुलै 2018 ला वर्ल्ड कपमध्ये, रशियाच्या रोस्तोव्हला, बेल्जियमविरुद्ध दोन गोलांची आघाडी घालवून ते शेवटच्या मिनिटाला 3-2 नं हरले. डोळे पुसत पुसत त्यांच्या फॅन्सनी कचरा उचलला आणि खेळाडूंनी ड्रेसिंग रूम लख्ख करून रशियन भाषेत आभाराची चिठ्ठी ठेवली. आमच्या ग्रुपनं एकदा तसं करून पाहिलं. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "हरलात म्हणून कामाला लागलात होय? जिंकल्यावर पण या."

पोरगा म्हणतो, आता फुटबॉल सोडतो. काय करू?

कधी म्हणाला ते बघा. मॅचच्या दिवशी म्हणाला तर ऐकून घ्या आणि वरण-भात वाढा. बुधवारी, शांत डोक्यानं म्हणाला तर बसून बोला. कदाचित त्याला टीम बदलायची असेल, कदाचित खरंच क्रिकेट खेळायचं असेल, आणि मुंबईत त्यात नवल काही नाही. तोवर बूट कुणाला देऊन टाकू नका. गोलकीपर असेल तर माझ्याकडे पाठवा, रविवारी साडेसहाला, पाऊस असला तरी. डबकं कुठे साचतं ते मी त्याला दाखवीन.